प्यायचं किती ते सांगितलंत, जायचं कुठं?

लग्नात, बारशाला, अगदी दहाव्याच्या घाटावरसुद्धा कुणीतरी मला बाजूला घेतं आणि हळूच विचारतं, "शिस्टर, रोज किती पाणी प्यावं हो?" निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली, तरी लोकांना वाटतं की या प्रश्नाचं खरं उत्तर नर्सबाईकडे असणार आणि सरकारी नोकरीत होती म्हणून तिने ते दाबून ठेवलं असणार. मी उलट विचारते, "तुम्ही दिवसभर असता कुठं? तिथं जायची सोय आहे का?" पुरुष असेल तर गडबडतो आणि जेवणाच्या पंगतीकडे बघायला लागतो. बाई असेल तर हसते, आणि मग आम्ही दोघी नीट बोलायला बसतो.

मी आरोग्यसेविका होते. आधी आंबेगावच्या पश्चिमेला, डोंगरात. नंतर बदली होऊन खाली जुन्नरच्या बागायती पट्ट्यात, नारायणगाव-खोडदच्या बाजूला. ज्यांना हे काम माहीत नाही त्यांना सांगते: उपकेंद्र म्हणजे दोन खोल्यांचा दवाखाना, ज्यात डॉक्टर नसतो. त्यात एक नर्सबाई असते आणि गावातल्या प्रत्येक गोष्टीला तीच जबाबदार असते. बाळंतपणं करायची, पोरांना लसी टोचायच्या, गरोदर बायांना लोहाच्या गोळ्या द्यायच्या आणि त्या गोळ्या बाया उकिरड्यावर टाकतात हे माहीत असूनही पुन्हा द्यायच्या. विहिरीत जंतू मारायची टीसीएल पावडर पडली की नाही ते बघायचं. पावडरीचा वास आला की लोक म्हणणार, बाईने पाणी नासवलं. वास नाही आला तर साहेब म्हणणार, बाईने काम केलं नाही.

आणि लघवी तपासायची. या विषयावर कुणी लिहीत नाही, म्हणून मी लिहिते. गरोदर बाईची लघवी परीक्षानळीत घ्यायची आणि स्पिरिटच्या दिव्यावर तापवायची. ढगाळ झाली तर काळजीचं कारण. माझी निम्मी नोकरी या दिव्यापुढे गेली. "घरून बाटलीत घेऊन या" असं सांगितलं की लोकांची प्रतिभा जागी व्हायची. खोकल्याच्या औषधाच्या बाटल्या यायच्या, दारूच्या यायच्या, एकदा अत्तराची कुपी आली, तिच्यात दिव्याची वातसुद्धा भिजली नसती. एका सुनेने स्वतःच्या ऐवजी नणंदेची आणली होती, कारण नणंदेची "दिसायला बरी" होती. पुढे पुढे मला बाटली बघूनच कळायचं की ही बाई घरात असते की टोमॅटोच्या तोड्याला जाते. घरातलीची फिकी, तोड्यावालीची काळ्या चहासारखी.

पाण्याच्या बाबतीत मीही काही साधू नव्हते. आपल्याकडे दारात आलेल्याला आधी पाणी देतात, मग कुठून आलात ते विचारतात. पाण्याला नाही म्हणायचं नसतं. एका दिवसात सगळी वाडी फिरायची म्हणजे घरागणिक तांब्या, आणि फिरतीवरच्या नर्सबाईने जायचं कुठं? म्हणून मी एक कला कमावली होती. तांब्या उंच धरायचा, मान मागे टाकायची, धार ओठांवर घ्यायची, घसा चांगला खालीवर हलवायचा आणि पोटात घोटभरच जाऊ द्यायचं. बाकीचं हनुवटीवरून पदरात. डोंगरातल्या, आहुप्याकडच्या एका वाडीत एका म्हातारीने मला बरोबर पकडलं. "बाय, तू गिळलं न्हाईस," म्हणाली. तिची सून ते पाणी कडा उतरून झऱ्यावरून आणत होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं आणि मी सगळा तांब्या रिकामा केला. परतीच्या वाटेवर मात्र काही अडलं नाही. तिकडे झाडी अमाप. देवराईत तेवढं बसायचं नाही, देव कोपतो. बाकी सगळं रान बायकांचंच होतं.

खाली बदली झाली आणि गणित उलटं झालं. डोंगरात आडोसा होता, पाणी नव्हतं. इथे कालव्याला पाणी, विहिरीला पाणी, टोमॅटोच्या मुळाशी ठिबकने थेंब थेंब पाणी, आणि आडोशाच्या नावाने ठणठणगोपाळ. द्राक्षाची बाग खालून आरपार दिसते. टोमॅटो बांबूला बांधलेला असला तरी छातीएवढा. बसलं की सरीच्या एका टोकाचं माणूस दुसऱ्या टोकाला दिसतं. उरला ऊस. उसाने या भागातल्या बायकांवर जे उपकार केले आहेत, ते साखर कारखान्याच्या कुठल्याही भाषणात कधी आले नाहीत.

आणि मग उसात बिबट्या आला.

हे सगळं मला मंदाने सांगितलं. मंदा ही टोमॅटो तोडणाऱ्या बायांच्या टोळीची पुढारीण. अंगाने काटकुळी, आवाजाने खणखणीत. नवरा अजून मेंढरं राखायचा, वर्षातले बरेच महिने कळप घेऊन बाहेर. मंदाची आणि माझी ओळख वाईट दिवशी झाली होती. तिच्या पहिल्या खेपेला, सातव्या महिन्यात, थंडी वाजून ताप आला. घरच्यांनी घोंगड्या टाकल्या, काढा पाजला, अंगारा लावला. मला निरोप आला तोवर तिचे दात वाजत होते आणि कंबर शिवू देत नव्हती. तिला आठवडाभर लघवीला जळजळ होती, पण ही काय कुणाला सांगायची गोष्ट आहे? जीप करून ग्रामीण रुग्णालयात नेलं. डॉक्टर म्हणाले, लघवीचा संसर्ग मूत्रपिंडापर्यंत चढला. मंदा वाचली. मूल दिवस भरायच्या आधी झालं आणि संध्याकाळपर्यंतही राहिलं नाही. मुलगा होता. मीच त्याला फडक्यात गुंडाळलं. नोकरीत मी खूप मुलं हातात घेतली, पण ते वजन माझ्या हातांना अजून आठवतं.

त्यानंतर बऱ्याच वर्षांनी मंदाला पुन्हा दिवस राहिले. तोवर आशा सोडून दिल्यासारखंच होतं. ती नाव घालायला आली तेव्हाच मी ठरवलं की हे मूल जायला द्यायचं नाही. तिला पहिल्याच दिवशी सांगितलं, "मंदा, गोळ्या खाल्ल्या नाहीस तरी एक वेळ चालेल, पण पाणी पी. भरपूर पी. तुंबवून ठेवू नको."

"पिते की बाई," मंदा म्हणाली.

पुढच्या तपासणीला बाटली आली. काळा चहा.

"पितेस ना गं पाणी?"

"पिते की."

"मंदा, तू खोटं बोलतेस. बाटली खरं बोलते."

तेव्हा ती खाली बसली आणि तिने मला सगळं नीट समजावून सांगितलं, एखाद्या लहान मुलीला सांगावं तसं. "हे बगा बाई. शेजारच्या उसात आमी जात व्हतो. तिथं आता वाघरू हाय. परवा कुत्रं नेलं, आदल्या महिन्यात शेळी नेली. बसलेलं माणूस त्याला शेळीवानीच दिसतं म्हनं. मग आमी काय केलं, एकीनं आत जायचं आन् दोघींनी भायेर उभं राहून डबा वाजवायचा. पर डबा वाजला की अख्ख्या शिवाराला कळतंय, कोन गेलं ते. टेम्पोवाला पोरगा हसायला लागला. मग ठरवलं, जायचंच न्हाई. आन् जायचं न्हाई तर प्यायचंच न्हाई. सकाळी भाकरीसंगं घोटभर, ते डायरेक घरी गेल्याव."

आमच्या भागात बिबट्याने काय काय नेलं ते पेपरात येत असे. त्याने किती बायकांची मूत्रपिंडं नासवली ते कुणी छापलं नाही. त्यांना तर त्याने शिवलंही नव्हतं.

मी म्हटलं, "दुसऱ्या बाजूला माळ आहे ना?"

मंदाने कपाळावर हात मारला. मालकाच्या, म्हणजे तात्यांच्या, रानाच्या दुसऱ्या अंगाला उघडा माळ होता, आणि माळावर आकाशातल्या ताऱ्यांचा वेध घेणारी, रेडिओ दुर्बिणीची ती प्रचंड तबकडी. "ती वळती बाई. सकाळी तिकडं तोंड असतंय, आमी बसलो की हिकडं. आत कोन बसलाय, काय ठावं." योगायोगाने तिथे काम करणारा एक पोरगा धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यायला माझ्याकडे आला. त्याला विचारलं, तर तो बिचारा इतका लाजला की सुई टोचलेली त्याला कळलीच नाही. "बाई, ती बघत नाही हो. ती ऐकते. आकाशातलं." मी इमानदारीने हे मंदाला जाऊन सांगितलं.

"ऐकती?" मंदा म्हणाली. "मग तर लईच वाईट."

आता तात्यांची ओळख करून देते. ज्या रानात या बाया तोड्याला जायच्या ते रान तात्यांचं. माणूस वाईट नव्हता. मोठा बागायतदार, सोसायटीच्या निवडणुकीला उभा राहून पडलेला, आणि तेव्हापासून सगळ्यांशी जरा जास्तच नमस्कार करत बोलणारा. भर उन्हाळ्यात त्यांच्या रानात तोडा चालू असताना एक बाई चक्कर येऊन सरीत पडली. तात्या घाबरले. त्यांनी झाडाखाली भला मोठा पाण्याचा पिंप ठेवला, त्याला ओलं पोतं गुंडाळलं, तोटी बसवली, ग्लास साखळीने बांधला. आणि बाया त्या पिंपाकडे बघायलाही तयार नाहीत. तात्या माझ्याकडे तक्रार घेऊन आले. "शिस्टर, फ्रिजवानी गार पानी ठेवलंय राव. एक बाई पीत न्हाई. अडाणी जात! तुमी येऊन समजावा. मी गुरुजींनाबी सांगितलंय."

गुरुजी म्हणजे आमचे निवृत्त मुख्याध्यापक. त्या काळात पाण्याने सगळे रोग बरे होतात अशी एक लाट आली होती, आणि गुरुजी त्या लाटेवर गावात सगळ्यांच्या पुढे होते. त्यांचं उषःपान मंडळ होतं. रात्रभर तांब्याच्या भांड्यात ठेवलेलं पाणी पहाटे बाशा तोंडाने, मारुतीच्या देवळापुढे उकिडवं बसून, तांब्यामागून तांब्या प्यायचं. मग शतपावली, मग सगळ्यांनी पांगायचं. कुठे पांगायचं ते सांगायला नको. पुरुषांना पांगायला अख्खा तालुका मोकळा असतो.

तर दुपारच्या भाकरीच्या सुट्टीत बाया बांधावर बसल्या, गुरुजी पालथ्या क्रेटवर उभे राहिले, आणि त्यांनी पाण्यावर व्याख्यान दिलं. शरीरात पाणी किती, रक्तात किती, मेंदूत किती, आणि म्हणून दिवसाला इतके ग्लास, ते कधी, कसे, बसून की उभ्याने. बाया भाकरी चावत ऐकत होत्या. शेवटी गुरुजी वर्गात विचारायचे तसं म्हणाले, "काही शंका?"

मंदा उठली. पदर खोचला. "प्यायचं किती ते सांगितलंत गुरुजी, लई ब्येस झालं. आता जायचं कुठं तेबी सांगा."

बायांतल्या एकीला हसू फुटलं, मग सगळ्यांना. गुरुजींनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "तो विषय निराळा आहे," ते म्हणाले.

"न्हाई गुरुजी, त्यो एकच इषय हाय," मंदा म्हणाली आणि बसून भाकरी खायला लागली.

मी तिथल्या तिथे तात्यांना म्हटलं, चार बांबू रोवा, खड्डा घ्या, आडोसा करा. तात्यांनी असं तोंड केलं की जणू मी त्यांच्या देवघरात कोंबडं कापायला सांगितलं. "रानात संडास? काळी आई हाय ती शिस्टर! लोकं काय म्हणतील?" त्याच काळ्या आईच्या बांधावर तात्या स्वतः रोज काय करत होते, ते मी बोलले नाही. सरकारी नोकरी होती.

गुरुजींचं पुढे काय झालं तेही सांगून टाकते. पावसाळ्याच्या तोंडाला त्यांचे पाय सुजले, जिना चढताना धाप लागायला लागली. हृदय कमजोर झालं होतं. डॉक्टरांनी अंगातलं पाणी उतरायची गोळी दिली. गुरुजी सकाळी ती गोळी घ्यायचे आणि तिच्यावर चार तांबे पाणी. एका बाजूने डॉक्टर उपसतायत, दुसऱ्या बाजूने गुरुजी भरतायत. हा प्रकार मी पाहिला आणि त्यांच्या बायकोच्या हाती तांब्याचं भांडं देऊन ते माळ्यावर ठेवायला लावलं. तेव्हा किती पाणी प्यावं, याचं एक उत्तर असं: ज्याचं हृदय किंवा मूत्रपिंड दुखणाईत आहे त्याने डॉक्टर सांगेल तेवढं. बाकीच्यांनी तहान मारू नये, उन्हात राबणाऱ्याने तहानेची वाट न बघता प्यावं, आणि लघवीचा रंग गव्हाच्या काडासारखा फिका आहे ना ते बघावं. एवढंच. यासाठी मंडळ काढायची गरज नाही.

पण आपण मंदाकडे येऊ. तिला सहावा लागला होता, तोडा जोरात होता, पोटावर क्रेट धरून ती सरीतून चालायची आणि अजून तशीच कोरडी राहत होती. मी काय काय केलं नाही? लिंबू-साखर-मीठ घालून दिलं, ताक पाजलं, रागावले, पहिल्या बाळाची आठवण काढून बोलले. ते बोलायला नको होतं. मंदाने ताकाचा तांब्या खाली ठेवला. म्हणाली, "बाई, मला का ते ठावं न्हाई?" मला भीती वाटत होती. रोज सकाळी उपकेंद्राचं कुलूप उघडताना वाटायचं, आज निरोप येणार.

निरोप आला, पण तात्यांचा. तात्यांना मुतखडा झाला होता. कंबर धरून ते गडाबडा लोळले, नारायणगावात दाखवलं, आणि डॉक्टरांनी सांगितलं की खडा बारीक आहे, भरपूर पाणी प्या, वाहून जाईल. झालं! तात्या पाण्याचा कॅन घेऊन रानात बसायला लागले. बाया ज्या पिंपाला शिवत नव्हत्या तो तात्यांनी एकट्याने संपवायला घेतला. आणि प्यालेलं पाणी काही थांबत नाही. घटकाभर झालं की तात्या उठायचे, चार पावलं बांधाकडे जायचे आणि पाठ करायचे.

आमच्याकडची रीत अशी की वडीलधारा पुरुष असा बांधाकडे वळला की बायांनी नजर वळवायची. कामातल्या कामात, कुणाच्या लक्षातही येऊ नये अशी. मंदाने त्या रिवाजाला फक्त थोडी शिस्त लावली. तात्या उठले की ती हाक द्यायची, "बायांनो!" आणि सगळी टोळी हातातला टोमॅटो खाली ठेवून उभी राहायची, पदर पुढे ओढायची, तात्यांकडे पाठ फिरवायची आणि झेंड्याला उभी राहावी तशी स्तब्ध राहायची. तोडा बंद. टेम्पोवाला पोरगाही भांबावून पाठ फिरवायचा. तात्यांचं आटोपलं तरी कुणी हलायचं नाही. मग मंदा मोठ्याने विचारायची, "झालं का तात्या? वळू का आमी?"

अख्ख्या शिवारात आवाज जायचा. तबकडीलाही ऐकू जात असणार.

"अगं, काम का थांबवता?" तात्या ओरडायचे.

"तुमचा मान राखतोय तात्या."

चिडावं तर बाया मर्यादाच पाळत होत्या. तात्यांना उघड्यावर जायची लाज अशी आयुष्यात पहिल्यांदाच वाटली. ते पाणी कमी प्यायला लागले, तर खडा पुन्हा टोचायला लागला. पाणी प्यावं तर बाया उभ्या. टेम्पो मार्केटला रोज उशिरा पोचायला लागला, चांगला लिलाव होऊन गेल्यावर. दोन-चार दिवसांत तात्या माझ्या दारात. रडकुंडीला आले होते.

"शिस्टर, माझा खडा पडंना आन् बाया हलंनात. काय करू?"

मी अगदी गंभीर चेहरा ठेवला. तो मला नोकरीने शिकवलेला आहे. म्हटलं, "तात्या, तुमच्यासाठी आडोसा करा. तुमच्यासाठी हं. तब्येतीचा प्रश्न आहे."

स्वतःसाठी म्हटल्यावर काळी आई आड आली नाही. दुसऱ्या दिवशी टोमॅटोचे बांबू रोवले गेले आणि भोवती हिरवी शेडनेट गुंडाळली. तात्या आत गेले आणि बाया हसून हसून खाली बसल्या. उन्हात शेडनेटमधून तात्यांची सावली अगदी स्वच्छ दिसत होती. मग तात्यांनी गोठ्यातून निवडणुकीतले उरलेले फ्लेक्स आणले. मोठ्ठे फ्लेक्स, त्यावर फेटा बांधलेले तात्या हात जोडून उभे. ते ठोकताना मंदाने एकच सूचना केली, "तात्या, त्वांड भायेर करा. आत नको."

तर असा तो आडोसा झाला. चारी बाजूंनी तात्या सगळ्या शिवाराला नमस्कार करतायत आणि आतमध्ये मी सांगितल्याप्रमाणे खडी भरलेला शोषखड्डा, बसायला दोन फरश्या, पाण्याची बादली. तात्यांनी दारावर सांगितलं, "हे माझ्यासाठी हाय." मंदा म्हणाली, "व्हय तर, तुमचंच हाय. तुमी तवर पानी पिऊन घ्या, आमी जाऊन येतो." त्या दिवसापासून तात्यांना स्वतःच्या फोटोसमोर नंबर लावून उभं राहावं लागलं. खडा पुढे पडला. तो त्यांनी कागदात बांधून मला दाखवायला आणला, आणि मी बारशाचं बाळ बघावं तसं कौतुक केलं.

त्या दुपारी मी मुद्दाम रानात थांबले होते. मंदा पिंपापाशी गेली, साखळीचा ग्लास भरला, आणि सगळ्यांसमोर प्याली. मग दुसरा भरला. दुसरा अर्धाच गेला, म्हणाली, "बाई, जात न्हाई खाली. सवयच मोडली." इतकी वर्षं दाबून दाबून तिची तहानच मेली होती. ती परत आणायला बरेच दिवस लागले. घोट घोट करून आणली आम्ही. बाटलीचा रंग हळूहळू उतरला. मी परीक्षानळी उजेडात धरून बघायची आणि मला असा आनंद व्हायचा, की घरी नवऱ्याला सांगायला जायचे. तो बिचारा जेवत असायचा.

आठव्या महिन्यात एकदा मंदा कामाच्या वेळेला उपकेंद्रात आली. पावसाने रस्ता चिखल झालेला, पायात चपला नाहीत, आणि बाटली पदराखाली न लपवता सरळ हातात. दारात रांग होती, दोन-तीन पुरुषही होते. तिने कुणाकडे पाहिलं नाही. "बाई, जळजळ व्हतीया. आज सकाळपासनं."

आज सकाळपासून. मागच्या वेळी हेच तिने आठवडाभर गिळलं होतं. मी तिला तशीच डॉक्टरांकडे घेऊन गेले, औषध चालू झालं, ताप आलाच नाही. नोकरीत मला बक्षीस वगैरे कधी मिळालं नाही, पण ती चिखलाने भरलेली बाई सगळ्यांच्या देखत हातात बाटली घेऊन उभी आहे, हे आठवलं की मला आपण काहीतरी केलं असं वाटतं.

तात्यांचा आडोसा फार टिकला नाही. पुढच्या पावसाळ्यात फ्लेक्स फाटले, बांबू टोमॅटोला लागले. दुसऱ्या रानांत तर तेवढंही कधी झालं नाही. मी गावोगाव सांगत राहिले आणि बागायतदार मला गार पाण्याचे पिंप दाखवत राहिले. निवृत्तीच्या दिवसापर्यंत मला काळ्या चहाच्या बाटल्या येत होत्या. त्याचा राग माझा अजून गेलेला नाही.

मंदाचे दिवस पूर्ण भरले. जोखीम नको म्हणून बाळंतपण ग्रामीण रुग्णालयात केलं. मुलगी झाली, चांगली गुबगुबीत, आल्या आल्या बोंब ठोकणारी. दुसऱ्या दिवशी मी बघायला गेले. मंदाची सासू उशाशी बसली होती. नव्या बाळाने शू केली का, हे आम्हाला बघावंच लागतं. मी विचारलं, तर सासूला नीट सांगता येईना. म्हणून मी पोरीला मांडीवर घेतलं, लंगोट सोडला, आणि तिने त्याच क्षणी माझ्या इस्त्रीच्या पांढऱ्या साडीवर धार सोडली. थांबायचं नाव नाही.

सासू ओशाळली. पोरीला उचलायला धावली. "अगं, अगं! पोरीची जात आन् काय ही तऱ्हा! शिस्टरची साडी—"

"ऱ्हाऊ द्या आत्याबाई," खाटेवरून मंदा म्हणाली. "मुतू द्या तिला. धरून ठेव म्हणून अजून कुनी सांगितलं न्हाई तिला."